पिंपळनूर संपूर्ण साक्षर

बलभीमनं वर्तमानपत्र आधी कपाळाला लावलं, मग जमिनीवर पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. पेपर कपाळाला लावायचा नसतो, हे वनमालाबाईंनी चौथीच्या वर्गाला दहादा सांगून पाहिलं होतं. पण पिंपळनुरात छापलेला कागद म्हणजे पोथी. गूळ बांधून आलेला तुकडासुद्धा इथल्या बायका पायाखाली येऊ देत नसत. शेवटी बाईंनी तो नाद सोडला. लावा बापड्यांनो कपाळाला, पण वाचताना डोकं जागेवर ठेवा, एवढ्यावर तडजोड झाली होती.

सोलापूरचा पेपर अणदूरच्या फाट्यावर एसटीतून उतरायचा आणि टपालवाल्याच्या पिशवीतून दुसऱ्या दिवशी गावात पोचायचा. शिळा असला तरी बाईंचा तास त्यावरच चाले. फळ्याच्या डाव्या अंगाला तीन प्रश्न कायमचे लिहून ठेवलेले होते. कोण सांगतं? त्यानं स्वतः पाहिलं का? ज्याच्याविषयी सांगितलं, त्याला विचारलं का? बाईंचे वडील सोलापुरात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापलं म्हणून खरं होत नाही, नुसतं काळं होतं, असं ते बोटांची शाई पुसत म्हणायचे. सरकारी अभ्यासक्रमात हे कुठंच नव्हतं, पण पोरांना त्याची अशी काही चटक लागली होती की पाढ्यांना कंटाळणारी पोरं पेपर म्हटलं की मांडीला मांडी लावून गोळा होत.

"'एका शेतकऱ्याच्या गोठ्यात दोन तोंडांचे वासरू जन्मले, असे समजते,'" बलभीमनं वाचलं. "समजतं कुणाला?"

"बातमीदाराला."

"त्यानं बघितलं का?"

"न्हाय. नुसतं समजलं."

"आन् वासराला इचारलं का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला. बाईही हसल्या.

पान उलटलं. प्रेमलानं बोट ठेवलं. ती धुरपदाबाईची नात, वर्गात सगळ्यांत लवकर वाचणारी. "बाई, आपलं गाव."

पोरांची डोकी एकमेकांवर आदळली. प्रेमला एकेक शब्द सोडवत वाचू लागली. "'पिंपळनूर संपूर्ण साक्षर. तुळजापूर तालुक्यातील मौजे पिंपळनूर येथील एकूण एक प्रौढ स्त्री-पुरुषांनी गेल्या रविवारी खंडोबाच्या मंदिरात बेलभंडार उचलून, आम्ही वाचावयास शिकलो आहोत व हे ज्ञान टाकणार नाही, अशी शपथ घेतली.'"

वनमालाबाई खिडकीशी उभ्या होत्या, तिथंच राहिल्या. बातमी आज येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. वाक्य शब्दाला शब्द तसंच छापलं होतं. 'एकूण एक' हेसुद्धा.

पोरं हरखली होती, पण सवय हरखण्यापेक्षा मोठी निघाली. बलभीमनं फळ्याकडं बघत विचारलं, "कोण सांगतं?"

"'आमच्या बातमीदाराकडून.'"

"कोण हाय त्यो? आलाच न्हवता की कोण."

"आसंल आला गर्दीत. फुडचं इचार."

"ज्याच्याविषयी सांगितलं, त्याला इचारलं का?"

प्रेमला साधेपणानं म्हणाली, "आमच्या आजीला न्हाय इचारलं. आजीनं भंडार उचललाच न्हाय. ती त्या दिशी रानात गेल्ती."

सगळी पोरं बाईंकडं वळली. वासराच्या वेळी वळली होती तशीच, हसऱ्या तोंडानं. बातमी पकडली की बाई शाबासकी देत, तिची ती वाट पाहत होती.

"पेपर घडी करून ठेवा," बाई म्हणाल्या. "एकोणतिसाचा पाढा घ्या."

*

बातमीदार वगैरे कुणी आलेलं नव्हतं. हेडमास्तर नारायणरावांनी सांगितलं आणि वनमालाबाईंनी लिहिलं, एवढीच त्या बातमीची जन्मकथा.

त्या वर्षी प्रौढांना शिकवायची मोहीम जोरात होती. गावोगावी वर्ग निघाले. पिंपळनुरात बायकांचा वर्ग दुपारी शाळेतच भरे. बेचाळीस बायका होत्या आणि बाईंनी त्यांतल्या एक्केचाळीसजणींना सहा महिन्यांत वाचायला लावलं. बेचाळिसावी धुरपदाबाई. ती आठ दिवस आली आणि नवव्या दिवशी पाटी परत ठेवून गेली. "ध्यानात ऱ्हात न्हाय," म्हणाली, "आन् ह्ये लोक शेवटी देवाफुडं भंडार उचलाया लावणार. माझ्या तोंडून खंडोबाफुडं खोटं नगं." तिला समजवायला सरपंच गेले, भजनी मंडळ गेलं. म्हातारी आपल्या बोलण्यावर ठाम.

"एका म्हातारीपायी सगळं गाव अडकवायचं का?" नारायणरावांनी विचारलं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून आलेला कागद वेळेवर परत गेला पाहिजे एवढाच त्याचा धर्म होता. "लिहा बाई, एकूण एक. गाव साक्षर झालं की तुमची बदली येडशीला. साहेबांनी तसा शब्द दिलाय."

येडशी म्हटलं की वनमालाबाईंचं सगळं शहाणपण पातळ व्हायचं. येडशीच्या स्टेशनात त्यांचे यजमान गोपाळकृष्ण तिकीट बाबू होते. दोन दीर शिकत होते, त्यामुळं बाईंनी नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. आणि तिथंच रेल्वेच्या दोन खोल्यांत कुमुद होती. दहा महिन्यांची पोर बाईंनी पिंपळनुरात आणली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती हिवतापानं अशी सुकली की गोपाळकृष्ण येऊन तिला उचलूनच घेऊन गेले. तेव्हापासून ती नणंदेजवळ, शामलाजवळ वाढत होती. बाई महिन्यातून एका रविवारी जात. मागच्या खेपेला कुमुद शामलाच्या पदराआड उभी राहिली आणि पार निघायच्या वेळी कुठं जवळ आली. गावात बाईंनी पोरीचं नाव कधी काढलं नाही. काढलं की रडू फुटायचं, आणि मास्तरणीनं रडलेलं गावाला चालत नाही.

तर त्या बाईंनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रेमला मागं रेंगाळली. तिनं फळा पुसला, पण डावीकडचे तीन प्रश्न नेहमीप्रमाणं ठेवले.

"बाई, पेपरवाल्याला कळीवलं तर त्यो दुरुस्त करंल?"

बाई खडू डबीत भरू लागल्या.

"मग तुमची बदली ऱ्हाऊन जाईल व्हय?"

पिंपळनुरात बदलीची गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. बाईंनी तिला जवळ ओढलं. पोरीची एक वेणी सुटली होती. बाई ओट्यावर बसल्या, तिला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालू लागल्या. अशी त्यांनी वर्गातल्या कुठल्याच मुलीची घातली नव्हती. पेड घट्ट आवळले, रिबीन बांधली, डोक्यावरून हात फिरवला. कुणाला सांगू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरजही उरली नाही. त्या रात्री त्यांना स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी बातमी लिहितानाही वाटली नव्हती.

*

तपासणीला शिक्षण खात्याचे पंचाक्षरी साहेब आले ते पुढच्या गुरुवारी. उंच, सावकाश बोलणारा माणूस. फळ्यावरचे तीन प्रश्न त्यांनी दोनदा वाचले आणि हे काय म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी खुर्ची सोडली आणि पोरांत बसकण मारली.

"आपल्या गावाचीच बातमी घेऊ या की," ते म्हणाले. नारायणरावांनी ती भिंतीला चिकटवूनच ठेवली होती.

पोरांनी बातमी वाचली. पहिले दोन प्रश्न झाले. सगळं मोजूनमापून, खालच्या आवाजात. वनमालाबाई हातातला खडू बोटांत फिरवत होत्या. तास संपायला अजून बराच वेळ होता, दार नारायणरावांनी अडवलं होतं, आणि तिसरा प्रश्न त्यांच्याच अक्षरात फळ्यावर होता.

साहेबांनी तो स्वतःच विचारला. "ज्यांच्याविषयी सांगितलं, त्यांना विचारलं का? सांगा बरं, कुणाच्या घरी न शिकलेलं माणूस अजून आहे का? मी रागावणार नाही."

प्रेमला उभी राहिली. "माझी आजी, साहेब."

खडू मोडला. नारायणराव खोकले.

"लोक म्हणतेत तिला येत न्हाय," प्रेमला म्हणाली. "पर येतं. ती वर्गात लाजती. म्या घरी शिकवलंय तिला."

"वाचते?"

"वाचती."

"नक्की?"

"बेलभंडाराची आण."

आता खंडोबाच्या गावात ही आण म्हणजे काय, ते साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते समाधानानं उठले. वर्गात पंचवीस पोरं होती आणि त्यांतलं एकही बाईंकडं वळलं नाही. वासराच्या बातमीची उलटतपासणी घेणारा बलभीम पाटीवरची धूळ फुंकत बसला. प्रेमलाच तेवढी एकदा बघून खाली बसली. तिचा चेहरा शहाण्या माणसाचा झाला होता, आणि तो बाईंना बघवला नाही.

साहेबांनी शेरेबुकात अर्धं पान भरून कौतुक लिहिलं. आठव्या दिवशी हुकूम आला. सोमवारी येडशीच्या शाळेत रुजू व्हावे.

मधल्या दिवसांत पेपरचा तास चालूच होता. बाईंनी एक बातमी दिली. कुठं तरी रस्ता झाला होता आणि सर्व ग्रामस्थांनी आनंदाने जमिनी दिल्या होत्या. महिन्यापूर्वी पोरांनी या बातमीच्या चिंध्या केल्या असत्या.

"यात कुणाला विचारायचं राहिलंय?" बाईंनी विचारलं.

"समद्यांना इचारलंय, बाई," बलभीम नम्रपणे म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं. बातमी बराबर हाय."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पोरं बाईंना सांभाळून घेत होती. शाळेनं पोरांना दिलेलं एवढं मोठं शिक्षण बाईंना पचेना. त्यांनी पेपर उचलला आणि त्यानंतर वर्गात आणला नाही.

*

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई ट्रंक भरत होत्या. धुरपदाबाई दारात आली. हातात प्रेमलाची पाटी.

"हात धरा माझा ह्येच्यावर," ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

"आजी, मी उद्या निघाले."

"ठावं हाय. म्हून तर आज आले." म्हातारीनं पाटी मांडीवर घेतली. "पोरगी देवळावरनं जाईना झालीया. शाळंला येताना पार वड्यातनं वळसा घालती. खोदून इचारलं तवा बोलली."

वनमालाबाई ट्रंकेशीच खाली बसल्या. "चूक तिची नाही. ती बातमी मी लिहिली होती, आजी. माझ्यासाठी बोलली ती."

"आसंल. पर तुमी आण कुठं घेतलीया? घेतलीया पोरीनं." आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं ती सांगत होती. "खोटी आण मागं घेता येत न्हाय. खरी करता येती. म्या वाचाया शिकले की झाली खरी. किती दिस लागतील?"

आठ दिवस, असं म्हणता आलं असतं. पण त्या म्हातारीसमोर ते तोंडातून निघेना.

"दिवाळी उजाडेल."

"मग दिवाळीपतूर ऱ्हावा."

"हुकूम आलाय. आलेला हुकूम परत गेला तर पुन्हा येत नाही. नव्या बाई येतील, त्या शिकवतील तुम्हांला."

"त्येंच्यापायी न्हाय घेतली आण पोरीनं."

खोलीला एकच दार होतं आणि दाराच्या वाटेवर धुरपदाबाई बसली होती. वनमालाबाईंनी ट्रंकेतलं एक परकर-पोलकं उचललं, इवलंसं, नवं शिवलेलं. दोनदा घडी घातली.

"मला मुलगी आहे येडशीला. तीन वर्षांची."

म्हातारीनं पोलक्याकडं पाहिलं. "आन् हितं तुमाला किती झाली?"

"सव्वादोन."

धुरपदाबाईनं पोलक्यावरून बोट फिरवलं. "आगं माझ्या बाये," एवढंच म्हणाली. वनमालाबाईंना वाटलं, सुटले. आता ही उठेल, पाटी घेऊन जाईल, देवाचं देव बघून घेईल. खरोखर त्यांना तसं वाटलं, आणि वाटलं म्हणून हायसंही वाटलं.

"मग आसं करू," म्हातारी म्हणाली. "म्या येते तुमच्यासंगं."

"कुठं?"

"येडशीला. वसरीत पडीन. पीठ माझं आणीन. रामलिंगाचं दर्शनबी व्हईल."

"घरी विचारलंत का?"

"हितं यायच्या आधीच इचारलंय. ल्योक म्हनला, येळ पडली तर जा. त्याच्याबी पोरीचं हाय."

नाही म्हणायला कारण हवं होतं. खोल्या दोनच आहेत, यजमानांना विचारलं नाही, नणंद काय म्हणेल, अशी दहा कारणं होती. पण प्रत्येक कारणामागं ओढ्यातनं वळसा घालून शाळेला येणारी पोर उभी होती. वनमालाबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं.

*

एसटीत धुरपदाबाई कडेच्या जागेवर बसली, बाई खिडकीशी. मांडीवर पिठाचं गाठोडं, पायाशी ट्रंक. दोन वर्षं बाईंनी या प्रवासाची स्वप्नं पाहिली होती. त्या स्वप्नात त्या एकट्या असायच्या, हातात पोलकं असायचं, आणि मागं काहीच राहिलेलं नसायचं. आता सगळं मागचं शेजारी बसून तंबाखू मळत होतं.

"त्या रस्त्यावरच्या पाटीवर काय लिव्हलंय?"

"तुळजापूर."

म्हातारीनं पाटीलाच हात जोडले. "पैलं अक्षर कंचं?"

"त. त्याला उकार."

"त," ती म्हणाली. धाराशिव येईपर्यंत तिनं ते चारदा विसरून पाचव्यांदा विचारलं.

येडशीला पोचायला तिसरा प्रहर झाला. रेल्वेच्या खोल्यांसमोर कुमुद चिंचोके मांडून बसली होती. बाईंनी ट्रंक हमालाच्या डोक्यावरून उतरवून घेतली. पोलकं पिशवीत वरच ठेवलेलं होतं, तरी ते काढायला हात लवकर वळेना.

कुमुदनं वर पाहिलं. "बाबा स्टेशनात गेलेत," ती म्हणाली. दारात येणाऱ्या कुणालाही सांगावं तसं.

"आसू दे," धुरपदाबाई म्हणाली. ती चांगल्या मनानंच वाकली. "आन् आई कुठाय गं तुझी, बाळे?"

कुमुदनं हात लांब करून घरात बोट दाखवलं.

शामला हात पुसत बाहेर आली होती. तिनं ते पाहिलं. "कुमे, असं काय करतेस? ही बघ ना आई. वहिनी, मी रोज सांगते हो तिला. मनावर घेऊ नका."

"असू दे, शामलावन्सं," वनमालाबाई म्हणाल्या. पोर खोटं बोलली नव्हती. पोरीला विचारलं होतं आणि तिनं तिला माहीत होतं ते सांगितलं होतं. बाईंनी ओसरीचा खांब धरला. आता इथून कुठं बदली मागायची होती?

देवापुढं खोटं नको म्हणून सगळ्या गावाशी वैर पत्करणारी धुरपदाबाई. तिनं कुमुदला दुरुस्त केलं नाही. गाठोडं ठेवलं, ओसरीवर बसली, एकदा पोरीकडं आणि एकदा बाईंकडं बघितलं.

"काढा पाटी."

"आत्ता? पाणी तरी घ्या, आजी."

"आत्ताच काढा. बघाया येईल ती. माझ्याजवळ बसली की तुमच्याजवळच बसली."

वनमालाबाईंनी ट्रंक उघडली. पाटी साड्यांच्या तळाशी गेली होती, ती शोधताना सगळं विस्कटलं. म्हातारीचा जाड, फुटलेला हात त्यांनी हातात घेतला आणि पाटीवर टेकवला. पेन्सिल किरकिरली तशी कुमुद मुठीत चिंचोके घेऊन उठली. ती आली आणि म्हातारीच्या पलीकडच्या अंगाला, पदर धरून, उभी राहिली.

"त," वनमालाबाई म्हणाल्या.

"त," म्हातारी म्हणाली. कुमुद पाटीकडं बघत राहिली. दिवाळीला अजून अडीच महिने होते.